पाणी तापवायची चूल

जिलानी शेख यांनी लातुरात अठ्ठावीस वर्षं लोकांच्या घरातले विजेचे मीटर वाचले आणि त्या अठ्ठावीस वर्षांत त्यांचा माणसांवरचा विश्वास पार उडाला. यात त्यांची चूक फारशी नव्हती. ज्याची सायकल गल्लीत शिरताना दिसली की कुणीतरी पळत आत जाऊन मीटरमागची तार काढून येतं, त्यानं भोळं राहावं तरी कसं? कुणी आग्रहानं चहा पुढं केला की ते कपाआधी मीटरकडे बघायचे. चहात साखर जास्त असेल तर मीटरच्या सीलला नक्की कुणाचा तरी हात लागलेला असतो, असा त्यांचा हिशेब होता आणि तो दहातल्या आठ वेळा बरोबर निघायचा. उरलेल्या दोन वेळचं ते कुणाला सांगत नसत.

भूकंपानं लातूरचं नाव देशभर गेलं आणि त्याच्या मागोमाग बोर्डाच्या निकालांनी. मग काय, गल्लोगल्ली क्लास निघाले. ज्याच्याकडे दोन खोल्या जास्तीच्या होत्या त्यानं त्यात आठ पोरं भरली, आणि आठांपैकी चौघांच्या पलंगाखाली कॉइलची शेगडी. पोरं अंगावर पुस्तक घेऊन साळसूद बसलेली असायची. जिलानी दारात उभे राहून नुसता श्वास घ्यायचे, कॉइलवर जळलेल्या धुळीचा वास त्यांना जिन्यातच कळलेला असायचा. "काढ बाबा, हात भाजंल तुझा," एवढंच म्हणायचे. पोरगं शेगडी काढून द्यायचं आणि पुढच्या महिन्यात दुसरी आणायचं.

दोन हजार एक साली ते निवृत्त झाले आणि पुढच्या ओट्यावर बसून सुलतानबीकडे म्हणजे बायकोकडे दर तासाला चहा मागू लागले. तेवढ्यात मल्लिकार्जुन सरांचा निरोप आला.

हे मल्लिकार्जुन सर भूकंपानंतर आलेल्या एका संस्थेचे. बाकीच्या संस्था आल्या तशा गेल्या, ही राहिली. सरांचं एक ठाम म्हणणं होतं. गावाला घरं दिली, शाळा दिली, हापसा दिला, पण घरातली बाई रोज चार तास सरपणामागं फिरत असेल आणि धुरात खोकत असेल, तर तो विकास कागदावरच राहतो. आणि गावात काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना हेच कुणी शिकवत नाही. त्यांना बचत गट येतात, आरोग्य येतं, पण चुलीत काय जळतं आणि ते कुठून येतं हे विचारलं की ते वहीत बघतात. म्हणून सरांनी अशा कार्यकर्त्यांसाठी तीन महिन्यांचा अभ्यासक्रम काढला, विकासातलं ऊर्जेचं स्थान. जागा मिळाली ती एका क्लासच्या दुसऱ्या मजल्यावर. खाली रसायनशास्त्राचे सर माईकवर सूत्रं म्हणायचे, वर बायोगॅस आणि सौर दिवे चालायचे.

घरोघरच्या पाहणीचं प्रात्यक्षिक शिकवायला सरांनी जिलानींना बोलावलं. जिलानींनी आधी पत्र दोनदा वाचलं, यात काही डाव आहे का ते बघितलं, आणि मग गेले.

त्यांची शिकवण एका वाक्याची होती. विचारायचं नाही, बघायचं. माणूस काय वाटेल ते सांगतो, घर खोटं बोलत नाही. रॉकेलचा डबा दाराशी आहे की माळ्यावर, काडेपेटी ओट्यावर आहे की कोनाड्यात, भिंतीवर काजळी किती उंच गेलीय, राख कुठं टाकतात. पोरं भराभरा लिहून घ्यायची. पाहणीचा फॉर्म त्यांनी स्वतः तयार केला होता. त्यात एक रकाना ते फार कौतुकानं समजावून सांगत. अंगणात चूल दिसली म्हणून हुरळून जाऊ नका, आपल्याकडे घरोघरी आंघोळीचं पाणी बाहेर तापतं. तिची नोंद वेगळी, 'पाणी तापवायची चूल' म्हणून. स्वयंपाकात धरायची नाही. उदाहरण द्यायचे ते स्वतःच्या घराचं. आमच्या मागच्या अंगणात अशी चूल आहे, पण स्वयंपाक सगळा गॅसवर. गल्लीत पहिला गॅस आमचा, आणि आमचं सिलिंडर साडेतीन महिने जातं. कसं? बर्नर साफ, आच बारीक. चुलीवरच्या भाकरीचं कौतुक करणाऱ्यांनी आमच्या घरची गॅसवरची खाऊन बघावी. आठ तुकड्यांच्या वह्यांमध्ये हे साडेतीन महिने लिहिलेले आहेत.

नवव्या तुकडीत इरा आली.

इरा नांदेडची. आई गोदावरीबाई शाळेत शिक्षिका, वडील कोर्टात लेखनिक, घरात पुस्तकं आणि शिस्त. डॉक्टर व्हायला म्हणून तिला बारावीनंतर लातूरच्या क्लासला घातलं होतं. दोनदा परीक्षा दिली, दोनदा हुकली. नात्यातल्या सगळ्यांच्या पोरी पांढरा कोट घालून फोटो काढत असताना ही घरात पडदे धूत बसली होती. मग कंधारच्या एका संस्थेनं नोकरी देऊ केली, अट एकच, या अभ्यासक्रमाचं प्रमाणपत्र हवं. घरचे म्हणाले, हे तरी पुरं कर. तिनं मान खाली घालून नाव नोंदवलं.

जिलानींना ती पहिल्या दिवसापासून खटकली. क्लासची पोरगी, म्हणजे आधी उत्तर पाठ आणि मग प्रश्न, असं त्यांचं मत. त्यात ती कधी शंका विचारत नसे.

पाहणीसाठी तिच्या वाट्याला निलंगा तालुक्यातलं भूकंपानंतर नव्यानं वसवलेलं एक गाव आलं. बेचाळीस घरं. या घरांना संस्थेनंच बिनधुराच्या चुली बसवून दिल्या होत्या, धूर बाहेर नेणाऱ्या नळीसकट. चार दिवसांनी इरानं फॉर्म आणून दिले. बेचाळीसच्या बेचाळीस घरी स्वयंपाक नव्या चुलीवर. चूल पेटलेली स्वतः पाहिली का? होय. धूर? नाही. बाहेरची चूल? पाणी तापवायची.

जिलानींनी गठ्ठा घरी नेला आणि मीटरचं सील तपासावं तसा तपासला. सगळी अक्षरं एकसारखी. एकाही कागदावर तेलाचं बोट नाही. बेचाळीस घरांत एकाही बाईची तक्रार नाही, हे तर अशक्यच. सासरबद्दलसुद्धा बेचाळीस बायकांचं एकमत होत नाही. वर पोरगी फॉर्म देऊन दोन दिवस गायब. मैत्रिणीनं सांगितलं, पित्त झालंय. जिलानी मनात म्हणाले, होणारच, खोटं पचायला जड असतं.

त्यांनी सरांना सांगितलं की ही पोरगी गावात एखाद्या ओट्यावर बसून सगळे फॉर्म भरून आली. सर म्हणाले, तसं असेल तर प्रमाणपत्र देता येणार नाही, आणि मग कंधारची नोकरीही नाही. सोमवारी तिला समोर बसवू, पण तुमचा शब्द शेवटचा, तेव्हा खात्री करून सांगा. जिलानींना खात्री होतीच. तरीही सवयीप्रमाणे ते स्वतः जागेवर जाऊन बघायला निघाले.

शनिवारी पहिल्या एस.टी.नं निघताना सुलतानबीला सांगून गेले, संध्याकाळ होईल. तिनं डबा हातात दिला. दारात जरा जास्तच वेळ उभी राहिली असं त्यांना वाटलं, पण घरातल्या माणसांवर संशय घ्यायची त्यांना सवय नव्हती.

गावात शिरल्या शिरल्या त्यांचा जीव थंड झाला. रस्त्यावर उभं राहून त्यांनी नुसती मान वर केली. सगळ्या घरांच्या स्लॅबवर चुलीच्या नळ्या उभ्या होत्या आणि सगळ्यांची तोंडं पांढरीफेक. एकीवर चिमणीनं घरटं केलं होतं. रोज जाळ होणारी नळी अशी राहील का? सापडली पोरगी. अठ्ठावीस वर्षांत चोरी पकडल्यावर व्हायचा तसा आनंद त्यांना झाला, आणि खरं सांगायचं तर आपल्याला असा आनंद होतो याची थोडी लाजही वाटली.

मग त्यांची नजर खाली आली. प्रत्येक घराच्या अंगणात, पत्र्याच्या आडोशाला, एक चूल. पाणी तापवायची. ते पहिल्या अंगणात शिरले. चूल मोठी, तीन बाजूंनी लिंपलेली, काळी कुळकुळीत. शेजारच्या दगडी फरशीवर पांढरं काहीतरी सांडलं होतं. त्यांनी बोट लावलं. पीठ होतं.

आंघोळीच्या पाण्याशेजारी पीठ कशाला?

दुसऱ्या अंगणात चुलीमागं तवा उभा केलेला. तिसऱ्यात भाकरी थापायची काटवट पालथी घातलेली. जिलानी चौथ्या अंगणात गेले नाहीत, तिसऱ्याच अंगणात घरधनीण समोर आली. सिंधु नाव, पन्नाशीची, कमरेवर हात. कोण, कुठले, कशाला वाकून बघताय, असं तिनं विचारलं आणि तेही काही चुकीचं नव्हतं. त्यांनी संस्थेचं नाव सांगितलं. त्याबरोबर ती बाई पदर सावरून आत पळाली. सगळं आयुष्य लोक आत का पळतात हे शोधण्यात गेलेला माणूस तिच्या मागोमाग दारापर्यंत गेला, तर ती आत नव्या चुलीत काटक्या घालून काडी ओढत होती.

"थांबा," जिलानी म्हणाले. "आमची पोरगी आली होती तवाबी अशीच पेटवली का?"

सिंधुबाईनं काडी विझवली. बघा, पकडली गेल्याचं काही तिच्या चेहऱ्यावर नव्हतं. उलट आपल्याला एवढं साधं विचारतात याचं नवल होतं.

"हाव, पेटवली की. सगळ्यांनीच पेटवली. भावानं घेतलेलं लुगडं भाऊ दारात आल्यावर नेसावंच लागतंय, मग रंग आवडू न्हाईतर न आवडू. तुमी दिलेली चूल, तुमचीच पोरगी आली, तिला काय पाण्याच्या चुलीवरचा चहा पाजावं?"

पोरगी लई गुणाची, तिनं पुढं सांगितलं. कुणाला नाही म्हणाली नाही. दिवसाला दहा-अकरा घरं, दहा-अकरा चहा. चौथ्या दिवशी चेहरा पिवळा पडला होता, तरी शेवटच्या घरी बशीत ओतून घेतला. जिलानींना ते पित्त आठवलं आणि त्यांनी नजर दुसरीकडं वळवली.

मग आत स्वयंपाक का नाही, असं त्यांनी विचारलं. विचारायचं नाही हा स्वतःचाच नियम त्यांनी मोडला. सिंधुबाई थोडा वेळ छताकडं बघत राहिली. मग म्हणाली, जुन्या घरात तिची सासू आणि धाकटा लेक गेले. ही घरं पडत नाहीत, असं साहेब लोक सांगतेत.

"आधीचं घर तरी पडंल म्हणून कुठं कोण सांगितलं होतं? आत आम्ही झोपतो बी न्हाई पावसाबिगर. चुलीपाशी बसल्यावर बाईचं ध्यान आगीत असतंय, चाचा. वरचं कोण बघावं?"

त्यांनी चहा घेतला. बाहेरच्या चुलीवरचा घेतला.

परतीला एस.टी.ची वाट न बघता ते जीपमध्ये बसले. डोक्यात फॉर्म फिरत होता. इरानं चूल पेटलेली पाहिली, तसं लिहिलं. बाहेरची चूल पाहिली आणि ती पाण्याची म्हणून लिहिली, कारण फॉर्ममध्ये तसाच रकाना होता. तो रकाना कुणी आखला? त्यांनी आखला. कुठलं घर बघून आखला? इथपर्यंत विचार आला आणि जीप औशाच्या पुढं आली. साडेतीन महिने. पाच माणसांचं घर होतं तेव्हाही साडेतीन, आणि पोरी लग्न होऊन गेल्या तेव्हाही साडेतीन. दुसऱ्या कुणाच्या घरचा मीटर असा अडकलेला दिसला असता, तर त्यांनी पहिल्याच महिन्यात पकडला नसता का?

घरी पोचले तेव्हा दुपारचे जेमतेम साडेअकरा झाले होते. पुढच्या दारानं न जाता ते बोळातून मागं गेले. चोरासारखं नाही, चोर पकडणाऱ्यासारखं, आणि त्यात जास्त लाजिरवाणं काय हे त्यांना कळेना.

सुलतानबी पत्र्याखाली पाटावर बसली होती. पाण्याची चूल धगधगत होती, तव्यावर भाकरी फुगली होती, शेजारच्या दगडावर पीठ. हातात फुंकणी. लोखंडी, मधे चेपलेली. ही फुंकणी त्यांनी दहा वर्षं त्या कोपऱ्यात पाहिली होती.

ती दचकली नाही. भाकरी उलटली आणि म्हणाली, बसा, गरम खा. त्या दोघांची घरातली बोली दखनी. इथं मराठीत सांगायचं, तर त्यांनी विचारलं, गॅस संपला का. ती म्हणाली, गॅस कुठं संपतो, चहापुरता तर पेटवते.

"कधीपासून?"

"भूकंपाच्या सालापासून."

मग तिनं सगळं सांगितलं, तक्रार म्हणून नाही, भाजीत काय घातलं ते सांगावं तसं. तिची मोठी बहीण, आपा, त्या पहाटे साडेतीनलाच उठली होती, नवऱ्याला पहिल्या गाडीनं निलंग्याला जायचं होतं म्हणून. चूल फुंकत होती. तिसऱ्या दिवशी ढिगारा काढला तेव्हा चुलीपाशीच सापडली, फुंकणी हातात होती. जिलानी तेव्हा तिथंच होते, हे त्यांनी स्वतः पाहिलं होतं. पण फुंकणी सुलतानबीनं पदराखाली घरी आणली, हे त्यांनी पाहिलं नव्हतं. पुढं दोन महिन्यांनी गॅस आला. तिला स्लॅबखाली आग घेऊन बसवेना. सुट्टीच्या दिवशी, आणि निवृत्त झाल्यावरही, तुम्ही पुढच्या ओट्यावर पेपर घेऊन बसायचे, ती म्हणाली, मागं कधी आलात? चहाला आत जाते, उभ्या उभ्या करते, एक पाय उंबऱ्याबाहेर ठेवून.

तो उंबऱ्याबाहेरचा पाय त्यांनी हजार वेळा पाहिला होता. घाई आहे, असं समजले होते.

"मला सांगितलं का नाहीस?" त्यांचा आवाज चढला. राग तिच्यावर नव्हता, पण माणूस राग दुसऱ्या कुणावर काढणार?

सुलतानबीनं फुंकणी पुसली. "तुम्ही अख्ख्या लातूरला सांगत होतात, आमचा गॅस, आमचा गॅस. मी कशाला मधे बोलू? आणि गॅसला काय फुंकायचं असतं? आपाची एवढीच वस्तू राहिलीय."

जिलानी पाटाशेजारी खाली बसले. भाकरी खाल्ली. तीच चव होती, दहा वर्षांची, जिला ते गॅसची चव म्हणत आले होते. त्यांना रडू आलं आणि ते धुरामुळे आलं असं त्यांनी सांगितलं नाही.

सोमवारी खाली रसायनशास्त्र जोरात चाललं होतं. वर मल्लिकार्जुन सरांच्या टेबलासमोर इरा बसली होती, पिवळी, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. नांदेडहून गोदावरीबाईही आल्या होत्या आणि लेकीकडं न बघता भिंतीकडं बघत होत्या. जिलानी म्हणाले, फॉर्म सगळे चुकीचे आहेत. गोदावरीबाईंनी डोळे मिटले. जिलानी घाईनं पुढं म्हणाले, पण पोरगी खरी आहे. प्रत्येक घरी गेली, प्रत्येक घरचा चहा प्याली, तोच तिला भोवला. चूक फॉर्मची आहे आणि फॉर्म माझा आहे. मग त्यांनी खिशातून घडी घातलेला आणखी एक फॉर्म काढून गठ्ठ्यावर ठेवला. सरांनी विचारलं, हे कुणाचं घर? ते म्हणाले, माझं, पण फॉर्म मी भरलेला नाही, कोराच आहे. मला माझ्या घरचं काही माहीत नाही. आधी हिला हा भरू द्या, मग ते बेचाळीस.

इरानं पहिल्यांदा शंका विचारली. "चाचा, बघायचं की विचारायचं?"

जिलानी म्हणाले, जाऊन बस, मग ठरव.

संध्याकाळी ती आली. सुलतानबीनं तिला पुढच्या खोलीत खुर्ची दिली, चौकशी केली, आणि पदर सावरत लगबगीनं आत गेली. लायटरचा चट आवाज झाला. जिलानींनी दारातून बघितलं. निळ्या आचेवर पातेलं, सुलतानबीचा उजवा पाय उंबऱ्याबाहेर, आणि नजर वर, छताला. पाहुणी आली होती ना, तिला पाण्याच्या चुलीवरचा चहा कसा द्यायचा!

इराही उठून त्यांच्या मागं येऊन उभी राहिली होती. तिनं पाय बघितला, छत बघितलं, आणि फॉर्म काखेत मारला.

"चाची, आत उकडतंय," ती म्हणाली. "मी मागं अंगणात बसू? चहा तिथंच करा."

सुलतानबीनं नवऱ्याकडं पाहिलं. जिलानी पुढं झाले, गॅस बंद केला आणि फडक्यानं पातेलं उचलून बाहेर नेलं. चूल विझत आली होती. त्यांनी काटक्या घातल्या आणि हात पुढं केला. सुलतानबी जरा थांबली, मग तिनं आपाची फुंकणी त्यांच्या हातात दिली. त्यांना फुंकता कुठं येतंय, सगळं अंगण धुरानं भरलं. सुलतानबी हसायला लागली, खोकायला लागली. पलीकडं पाटावर बसून इरा डोळे पुसत लिहीत होती. धूर : आहे.